आम्हालाही मोजा : चार्टिस्टांचे तीन अर्ज

मित्रहो,

ब्रिटिश कामगारांनी मताधिकारासाठी उभी केलेली चार्टिस्ट चळवळ म्हटली की आपल्या पाठ्यपुस्तकांत सहा मागण्यांची यादी येते आणि तिच्याखाली एक ओळ येते : १८४८ नंतर ही चळवळ थंडावली. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. आज मला त्या यादीमागचं काम उलगडून दाखवायचं आहे. कागद कसे फिरले, सह्या कोणी घेतल्या, पेनी-पेनीने पैसा कसा जमला, निरोप कसे पोहोचले, कुठे घात झाला आणि का झाला. हा भाग रुक्ष समजून वगळला जातो. पण ज्यांना मतच नव्हतं, त्यांच्याकडे संसदेला आपली संख्या दाखवायचं एकच साधन होतं : अर्जावरची सही. सगळी चळवळ त्या सहीभोवती बांधलेली होती. तिचं बळ तिथेच होतं आणि वारही तिथेच झाला.

सुरुवात १८३२ पासून करावी लागते. त्याआधी ब्रिटनमध्ये ओल्ड सारम नावाची जवळजवळ ओसाड टेकडी दोन खासदार निवडून द्यायची आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला एकही खासदार नव्हता. हे बदलण्यासाठी व्यापारी, कारखानदार आणि कामगार एकत्र रस्त्यावर उतरले. कायदा झाला, ५६ कुजके मतदारसंघ रद्द झाले, मँचेस्टर-बर्मिंगहॅमला खासदार मिळाले. मत मात्र मिळालं ते वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला. पौंड म्हणजे वीस शिलिंग आणि शिलिंग म्हणजे बारा पेनी, हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दहा पौंडांची अट ऐकायला साधी वाटते. तिची गाळणी कशी चालायची ते बघा. लंडनमध्ये भाडी चढी, म्हणून तिथला एखादा कुशल कारागीर यादीत बसायचा. उत्तरेच्या कापड-शहरांत भाडी कमी, म्हणून तेच काम करणारा माणूस बाहेर. घर बारा महिने ताब्यात असलं पाहिजे. काम सुटलं, घर बदललं की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून. घराचा स्थानिक कर भरलेला पाहिजे, पण छोट्या घरांचा कर बहुतेक ठिकाणी मालक एकगठ्ठा भरायचा, त्यामुळे भाडेकरूचं नाव करवहीत नसायचंच. नाव नोंदवायला एक शिलिंग. वर्षभरात गरिबांसाठीची मदत घेतली असेल तर नाव कट. शिवाय या कायद्यात मतदार म्हणजे ‘पुरुष’ हा शब्द स्पष्ट लिहिला गेला. ज्यांनी मोर्चे काढले, त्यांतले बहुतेक जण या गाळणीच्या वरच अडकून राहिले.

आणि मत मिळालेल्यांच्या संसदेने लगेच काय केलं? १८३४ मध्ये गरिबांचा नवा कायदा केला. मदत हवी असेल तर श्रमगृहात दाखल व्हा, आणि तिथे नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. लोकांनी या इमारतींना पॅरिसच्या तुरुंगाचं नाव दिलं, बॅस्टिल. मताचा आणि भाकरीचा संबंध कामगारांना कुठल्या पुस्तकातून शिकावा लागला नाही, तो या दोन वर्षांत त्यांच्या समोर घडला.

जून १८३६ मध्ये लंडनमध्ये कामगारांची एक संघटना निघाली. तिचा चिटणीस विल्यम लव्हेट हा फर्निचर बनवणारा सुतार. सोबत हेन्री हेदरिंग्टन हा मुद्रक, ज्याने वर्तमानपत्रावरचा सरकारी कर न भरता गरिबांसाठी पत्र छापलं आणि त्यासाठी तुरुंग भोगला. मे १८३८ मध्ये यांनी ‘पीपल्स चार्टर’, म्हणजे लोकांची सनद, प्रसिद्ध केला. चार्टिस्ट हे नाव यावरूनच. सहा मागण्या तुम्हाला माहीत आहेत : २१ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदार व्हायला मालमत्तेची अट नको, खासदाराला वेतन, सारख्या आकाराचे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. पण चार्टर म्हणजे या सहा ओळी नव्हेत. तो कलमवार लिहिलेला, संसदेत जसाच्या तसा मांडता येईल असा कायद्याचा मसुदा होता. देशाचे ३०० मतदारसंघ कसे करायचे, नावं कोण नोंदवणार, खोटं मत देणाऱ्याला शिक्षा काय, सगळं त्यात होतं.

त्यात मतदानाच्या पेटीचं चित्रही होतं. ती पेटी जवळून पाहण्यासारखी आहे. मतदाराला पितळेची एक गोटी द्यायची. तो एकटाच पडद्याआड जाणार. तिथे प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं वेगळं छिद्र. गोटी आत टाकली की ती उतारावरून घरंगळत जाते, जाताना आतल्या यंत्राचा आकडा एकने पुढे सरकवते आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर बाहेर येते. तीच गोटी पुढच्या मतदाराला. म्हणजे कोणी दोन गोट्या टाकल्या तर उघडं पडणार, आणि खिशात घालून नेली तर तेही लगेच कळणार. मत कोणाला गेलं ते मात्र दिसणार नाही. लिहिता-वाचता येण्याची फारशी गरज नाही. १८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत तीनातला एक नवरा आणि जवळजवळ निम्म्या नवऱ्या सहीऐवजी फुली मारत होत्या, ही गोष्ट या कारागिरांना पक्की ठाऊक होती. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हाच प्रश्न होता आणि उत्तरही त्याच जातीचं निघालं : प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. त्या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.

सहा मागण्या एकमेकींत कशा गुंतल्या होत्या, तेही पाहायला हवं, कारण त्यातली एक काढली की बाकीच्या ढिल्या पडतात. तेव्हा मतदान उघड्यावर व्हायचं. लाकडी मंचासमोर मतदाराने मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगायचं, कारकुनाने लिहून घ्यायचं, आणि नंतर कोणी कोणाला मत दिलं याची पुस्तिका छापून विकली जायची. जमीनदार आणि गिरणीमालक ती वाचायचे. म्हणून सर्वांना मत द्यायचं तर मतदान गुप्तच हवं. खासदार व्हायला शहरात वर्षाला ३०० पौंड आणि ग्रामीण भागात ६०० पौंड उत्पन्नाची मालमत्ता लागायची. ती अट काढली तरी विणकर लंडनमध्ये बसून खाणार काय? म्हणून वेतन. वर्षाला निवडणूक ही मागणी आज विचित्र वाटते. त्यांचा हिशेब असा होता : सात वर्षांतून एकदा मतदारसंघ विकत घेता येतो, पण सगळ्यांना मत असलेला मतदारसंघ दरवर्षी विकत घेईल एवढी मोठी थैली कोणाचीच नाही.

स्त्रियांचं काय? लव्हेटने पुढे लिहून ठेवलं की पहिल्या मसुद्यात स्त्रियांचं मत होतं आणि त्यामुळे पुरुषांच्या मताला उशीर होईल म्हणून ते काढलं. स्त्रियांनी सह्या केल्या, वर्गणी जमवली, स्वतःच्या राजकीय सभा स्थापन केल्या, आणि मागणीच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. माझ्या मते चार्टरमधली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती सोयीसाठी जाणूनबुजून केली गेली.

उघड मतदानाचा एक उलटा उपयोगही होता. मत नसलेल्या कामगारांकडे विकत घ्यायची ताकद होती. दुकानदार मतदार होता, गिऱ्हाईक नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की जो किराणावाला चार्टरच्या विरोधकाला मत देईल, त्याच्याकडे माल घ्यायचा नाही. हे चालायचं ते छापील पुस्तिकेमुळेच. गुप्त मतदान आलं की हे हत्यार बोथट होणार, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी गुप्त मतदान मागितलं.

आता पहिला अर्ज. चळवळीचा निरोप्या होता ‘नॉर्दर्न स्टार’ हे साप्ताहिक. फर्गस ओ’कॉनर या आयरिश वकिलाने, माजी खासदाराने, नोव्हेंबर १८३७ मध्ये लीड्समध्ये ते सुरू केलं. किंमत साडेचार पेनी. हे स्वस्त नव्हतं. त्यात एक पेनी सरकारी मुद्रांकाची होती. पण मुद्रांक असलेलं पत्र टपालाने फुकट जायचं, म्हणून त्या एका पेनीत साप्ताहिक स्कॉटलंडपासून वेल्सपर्यंत पोहोचायचं. चार-सहा घरांनी मिळून एक अंक घ्यायचा, एकाने दारूच्या गुत्त्यात किंवा मागाशेजारी बसून मोठ्याने वाचायचा. १८३९ मध्ये काही आठवडे खप ५०,००० च्या आसपास गेला. प्रत्येक अंकाचे श्रोते धरले तर वाचकांची गणती त्याच्या कैक पट. आणि त्यात काय असायचं? गावोगावच्या सभांचे वृत्तांत. अमुक खेड्यात तमुक तारखेला किती लोक जमले, अध्यक्ष कोण, ठराव काय. लहानशा गावातल्या चांभाराला आपलं नाव छापलेलं दिसायचं आणि शंभर मैलांवरच्या दुसऱ्या चांभाराला कळायचं की आपण एकटे नाही.

अर्जाचे छापील कागद गावोगाव जायचे. सह्या घ्यायच्या जागा ठरलेल्या : कारखान्याचं दार, प्रार्थनागृह, बाजारातलं टेबल, घरोघर फेरी. भरलेले कागद लंडनला. तिथे एकाखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी. फेब्रुवारी १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रतिनिधींची परिषद बसली. प्रचंड सभांत हात वर करून हे प्रतिनिधी निवडले होते, पण कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून संख्या पन्नासच्या आत ठेवली होती. खर्चासाठी पेनी-पेनीची राष्ट्रीय वर्गणी. १४ जून १८३९ रोजी बर्मिंगहॅमचे खासदार आणि बँकर थॉमस ॲटवुड यांनी ही गुंडाळी लोकसभागृहात आणली. सुमारे १२,८०,००० सह्या, लांबी तीन मैल. १२ जुलैला मतदान झालं. विचार करावा असं म्हणणारे ४६, नको म्हणणारे २३५. सभागृह ६५८ जणांचं होतं. निम्म्याहून जास्त खासदार तर मत द्यायला आलेच नव्हते.

परिषदेसमोर प्रश्न उभा राहिला की अर्ज फेकून दिला तर पुढे काय. महिनाभर सर्वांनी काम बंद ठेवायचं, त्याला ‘पवित्र महिना’ म्हणायचं, असं ठरलं. मग ते मागे घ्यावं लागलं. का? शिल्लक नव्हती. तेव्हा व्यापार मंदीत होता, अनेक गिरण्या आधीच अर्धा आठवडा बंद होत्या. मालकांना महिनाभर बंद हवाच होता. मागणी नसताना संप केला की मालकाचा पडून राहिलेला माल खपतो आणि कामगाराच्या घरात चूल पेटत नाही.

न्यूपोर्टचा उठाव याच वर्षीचा. साउथ वेल्सच्या कोळसा आणि लोखंडाच्या खोऱ्यांतून तीन तुकड्या ३ नोव्हेंबरच्या रात्री निघणार, वाटेत एकत्र येणार आणि उजाडण्याआधी शहरात शिरणार, अशी योजना. रात्रभर मुसळधार पाऊस. रस्ते डोंगरातले. पहिल्या दोन तुकड्या भिजत, वाट पाहत थांबल्या, विल्यम जोन्सची तिसरी तुकडी वेळेवर आलीच नाही. अंधारात पोहोचायचे ते सकाळी नऊच्या सुमारास, लख्ख उजेडात, वेस्टगेट हॉटेलसमोर आले. आत सैनिक बसले होते. काही मिनिटांत वीसहून अधिक माणसं मेली. नेता जॉन फ्रॉस्ट हा कापडाचा दुकानदार, एकेकाळचा त्याच शहराचा महापौर. त्याला, झेफनाया विल्यम्सला आणि जोन्सला देहान्ताची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेत बदलून तिघांना ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात धाडलं. रात्रीच्या पायी कूचात तीन तुकड्यांची वेळ जुळणं किती अवघड असतं, हे कुठल्याही सैनिकाला विचारा.

सैनिकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या वर्षी उत्तर इंग्लंडची फौज ज्याच्या हाताखाली होती, तो चार्ल्स नेपियर. चार वर्षांनी सिंध जिंकणारा तोच. गरिबांबद्दल त्याला कळवळा होता, चार्टरमधल्या मागण्याही बऱ्याचशा पटत होत्या. तरी त्याने घराघरांत विखुरलेले सैनिक गोळा करून मोठ्या तुकड्या मोक्याच्या जागी ठेवल्या, म्हणजे एकट्यादुकट्या शिपायाला गाठून बंदूक हिसकावता येऊ नये. उत्तरेत मोठा रक्तपात टळला, यात त्याच्या या मांडणीचा वाटा आहे.

१८३९ च्या पडझडीनंतर जे उभं राहिलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. २० जुलै १८४० रोजी मँचेस्टरमध्ये ‘नॅशनल चार्टर असोसिएशन’ स्थापन झाली. कामगारांचा पहिला राष्ट्रीय राजकीय पक्ष म्हणावा अशी ही संघटना. रचना अशी : दहा-दहा सभासदांचा गट, गटाचा एक प्रमुख, आठवड्याला एक पेनी वर्गणी, दर तीन महिन्यांनी दोन पेनीचं नवं सभासदपत्र. ही दहाची पद्धत त्यांनी मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागटांतून उचलली. पण लगेच एक अडचण आली. १७९९ च्या कायद्याप्रमाणे शाखा असलेली राजकीय संस्था बेकायदा होती. मग त्यांनी घटना बदलली. शाखा हा शब्दच काढून टाकला, सगळे मिळून एकच संस्था, आणि प्रत्येक गावातले कार्यकर्ते त्या एकाच संस्थेच्या अवाढव्य सर्वसाधारण मंडळाचे सदस्य. त्यांची नावं ‘नॉर्दर्न स्टार’मध्ये धंद्यासकट छापली जायची : शिंपी, चांभार, विणकर, लोकर विंचरणारा. कायदा पाळला गेला, पण प्रत्येक कार्यकर्त्याचं नाव मालकाच्या टेबलावर पोहोचलं. एवढी जोखीम पत्करून १८४२ पर्यंत सुमारे ४०० ठिकाणी ५०,००० च्या आसपास सभासद झाले.

याच जाळ्याने दुसरा अर्ज उभा केला. २ मे १८४२. ३३,१७,७५२ सह्या, सहा मैलांहून लांब. हिशेब केला तर लांबीच्या दर सेंटिमीटरला तीन-साडेतीन सह्या भरतात, म्हणजे कागदावर शेजारी शेजारी तीन-चार रांगा असणार. कामगारांनी आळीपाळीने खांद्यावरून ती गुंडाळी लंडनच्या रस्त्यांतून नेली. सभागृहाच्या दारातून ती आत जाईना. चौकट काढून पाहिली, तरी जाईना. शेवटी गुंडाळी सोडून गठ्ठ्यागठ्ठ्यांनी आत नेली आणि टेबलाखाली-भोवती कागदाचा ढीग लागला.

त्या अर्जाचा मजकूर वाचण्यासारखा आहे, कारण तो गणिताने बोलतो. ब्रिटन आणि आयर्लंडची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख, मतदार ९ लाखांपेक्षा थोडे जास्त. गिल्डफर्डची वस्ती ३,९२०, तिला दोन खासदार; टॉवर हॅम्लेट्सची ३,००,०००, तिलाही दोनच. राणीला खाजगी खर्चासाठी दिवसाला १६४ पौंड १७ शिलिंग १० पेनी. हजारो मजूर कुटुंबांत माणशी दिवसाला पावणेचार पेनी. भागाकार करून बघा : राणीच्या एका दिवसात साडेदहा हजार माणसांचा एक दिवस बसतो. अर्जदारांनी फक्त आकडे शेजारी शेजारी ठेवले, हिशेब खासदारांवर सोडला.

उत्तर द्यायला उठलेल्यांमध्ये मेकॉले होते. होय, तेच, कलकत्त्याहून चार वर्षांपूर्वी परतलेले, आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेचा मसुदा करणारे. गुप्त मतदानाला त्यांचा पाठिंबा होता, मालमत्तेची अट काढायलाही हरकत नव्हती. पण सर्वांना मत म्हणजे मालमत्तेचा अंत आणि मालमत्तेबरोबर संस्कृतीचा अंत, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षांपूर्वी १८३२ च्या सुधारणेसाठी ज्यांनी सर्वांत गाजलेली भाषणं केली, त्यांचंच हे म्हणणं. ४९ विरुद्ध २८७ मतांनी अर्जदारांचं म्हणणं ऐकूनही घ्यायचं नाही असं ठरलं.

मेकॉलेंचा हा युक्तिवाद पुढे भारतातही मुक्कामाला आला. मत द्यायचं ते जमीन, कर, शिक्षण बघून. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी मागितला. चार्टरच्या मसुद्यातून जे खोडलं गेलं होतं, ते या मागणीत पहिल्यापासून होतं.

अर्ज फेटाळल्यावर तीन महिन्यांत, ऑगस्ट १८४२ मध्ये, ॲश्टन आणि स्टॅलीब्रिजच्या गिरण्यांत मजुरीकपातीवरून संप पेटला. या संपाचं हत्यार एक छोटा धातूचा बोळा होता. वाफेच्या बॉयलरला पाणी काढून टाकायला खाली छिद्र असतं, त्यात बोळा बसवलेला असतो. संपकरी जथ्याने गिरणीत जायचे, बोळा काढायचे. पाणी वाहून जायचं, आग विझायची, वाफ संपायची, सगळे माग एकदम थांबायचे. यंत्र मोडत नाही, माग फुटत नाही, पण पुन्हा पाणी भरून वाफ धरेपर्यंत गिरणी बंद. मग जथा पुढच्या गिरणीकडे. लँकेशायरपासून यॉर्कशायर, स्टॅफर्डशायर आणि स्कॉटलंडपर्यंत लाखो माणसांचं काम थांबलं. मँचेस्टरमध्ये जमलेल्या धंद्याधंद्यांच्या प्रतिनिधींनी ठराव केला : चार्टर मंजूर होईपर्यंत कामावर जायचं नाही. प्रेस्टनमध्ये सैनिकांनी गोळ्या झाडून चार जण मारले. आगगाडीने फौजा आल्या. भूक मात्र आधीच घरात होती. काही आठवड्यांत लोक परतले, कुठे जुन्या मजुरीवर, कुठे कमीवर. शेकडो पकडले गेले. १८३९ मध्ये जी गोष्ट ठरवून जमली नव्हती, ती इथे जवळजवळ आपोआप घडली, आणि तरीही तिच्या पाठीशी शिल्लक नव्हतीच.

मधल्या काळातल्या ओ’कॉनरच्या जमीन योजनेवर मी थोडंच बोलणार आहे. पेनी-पेनीचे हप्ते भरून सुमारे ७०,००० लोक भागीदार झाले, दोन ते चार एकरांचे तुकडे वाटायचे होते, प्रत्यक्षात मिळाले अडीचशे कुटुंबांच्या आसपास. १८५१ मध्ये कंपनी बंद झाली.

आता तिसरा अर्ज, १० एप्रिल १८४८. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला होता, युरोप हादरला होता. लंडनच्या केनिंग्टन कॉमन या मैदानावर सभा, तिथून मिरवणुकीने संसदेत. सरकारने १६६१ चा एक कायदा काढला : अर्ज द्यायला दहाहून जास्त माणसांनी यायचं नाही. राणीला दोन दिवस आधीच वाइट बेटावर हलवलं. तारयंत्र ताब्यात घेतलं. हजारो नागरिकांना एका दिवसाचे हवालदार केलं. सभा थेम्स नदीच्या दक्षिणेला होती, संसद उत्तरेला. म्हणजे फक्त पूल रोखायचे होते, आणि पोलिसांनी ते रोखले. पोलीस आयुक्तांनी ओ’कॉनरला बोलावून सांगितलं की सभा घ्या, मिरवणूक नको. त्याने मान्य केलं. अर्ज तीन भाड्याच्या घोडागाड्यांतून संसदेत गेला.

आणि तीन दिवसांनी घाव पडला. ओ’कॉनरने सभागृहात ५७ लाखांहून अधिक सह्या आणि पाच टन वजन असं सांगितलं होतं. अर्ज तपासणाऱ्या संसदेच्या समितीने कळवलं : वजन पावणेसहा हंड्रेडवेट, म्हणजे तीनशे किलोही नाही. सह्या १९,७५,४९६. त्यातल्या शंभरात आठ स्त्रियांच्या. राणीचं नाव, सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव कित्येकदा, ‘चपटं नाक’ अशी टोपणनावं, आणि सलग पानंच्या पानं एकाच हस्ताक्षरात. देशभर हशा झाला, आणि त्या हशातून चळवळ सावरली नाही.

ही मोजणी आपण जवळून पाहू. समितीच्या म्हणण्याप्रमाणे १३ कारकुनांनी १७ तास मोजलं. १३ गुणिले १७ म्हणजे २२१ तास. १९,७५,४९६ भागिले २२१ म्हणजे तासाला ८,९३९. मिनिटाला १४९. सेकंदाला अडीच सह्या, सतरा तास न थांबता, आणि मोजताना स्त्री की पुरुष, खरं की खोटं, हस्ताक्षर एक की अनेक हेही बघत. हे शक्य नाही. फार तर अंदाजाने काढलेला आकडा असेल, पण तो शेवटच्या अंकापर्यंत नेमका म्हणून छापला गेला.

एकाच हस्ताक्षराचंही कारण आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची नावं सही घेणारा लिहायचा. नाव दिसलं तर नोकरी जाईल म्हणून लोक खोटं नाव टाकायचे. काही थट्टेखोरांनी, काही विरोधकांनी मुद्दाम घाण केली असणार. कागद लंडनला पाठवण्याआधी गावातच ही नावं गाळता आली असती. ते काम कोणी केलं नाही. आणि ओ’कॉनरने न मोजता आकडा जाहीर केला, ही त्याची चूक मला अक्षम्य वाटते. १९ लाख सह्या हा कुठल्याही देशात प्रचंड आकडा आहे. तो ५७ लाखांच्या शेजारी ठेवला गेला म्हणून लहान दिसला.

पुढचं भराभर. खासदाराची मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. १८६७ आणि १८८४ मध्ये मताधिकार टप्प्याटप्प्याने वाढला. १८७४ मध्ये दोन खाणकामगार खासदार झाले. गुप्त मतदान १८७२, खासदाराला ४०० पौंड वेतन १९११, सर्व प्रौढ पुरुषांना आणि तिशीपुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत १९१८, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने १९२८. दरवर्षी निवडणूक कधीच आली नाही. चार्टिस्टांचा शेवटचा मोठा नेता अर्नेस्ट जोन्स याने १८५७ मध्ये आपल्या साप्ताहिकातून भारतातल्या उठावाची बाजू उघडपणे मांडली, लंडनची बाकीची वर्तमानपत्रं सूडाची भाषा करत असताना.

शेवटी एका माणसाकडे वळतो. विल्यम कफी, लंडनचा शिंपी. वडील वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावरचे, गुलामीत जन्मलेले. १० एप्रिलच्या मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. ओ’कॉनरने मिरवणूक सोडून दिली तेव्हा तो संतापला. त्याच उन्हाळ्यात खबऱ्यांच्या साक्षीवर त्याला उठावाच्या कटात जन्मठेप झाली आणि साठी ओलांडताना टास्मानियात आणलं गेलं. तिथेही तो शिवणकाम करत राहिला, आणि मालक-नोकर कायद्याविरुद्धच्या सभांत बोलत राहिला. शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीत १८५४ मध्ये सोन्याच्या खाणीतल्या कामगारांनी बॅलरॅटला जी मागणीपत्रिका काढली, ती जवळजवळ चार्टरचीच होती. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि टास्मानिया, दोन्हीकडे गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्याच वर्षी कफीला माफी मिळाली. तो लंडनला परतला नाही. १८७० मध्ये होबार्टच्या निराधारांच्या आश्रमात तो वारला. ब्रिटनमध्ये गुप्त मतदान यायला अजून दोन वर्षं होती.